सुपरमार्केटातला कोरियन स्टॉल: काय खावं, काय विचारून खावं

कढीपत्ता

पवईतल्या एका मोठ्या सुपरमार्केटात, पावाचे रॅक संपतात आणि फ्रोझन मटारचे फ्रीझर सुरू होतात त्या बेचक्यात एक कोरियन खाण्याचा स्टॉल आहे. नाव देत नाही, जाहिरात वाटेल. पवईकरांना कळलंच असेल.

काउंटर एवढासाच. एक फ्रायर, एक मोठा राइस कुकर आणि लाल रश्शाने भरलेलं चौकोनी उथळ भांडं, ज्यात त्योकबोक्की दिवसभर रटरटत असते. पुढे चार उंच स्टुलं. बसलं की पाठीमागून ट्रॉल्या जातात आणि मधूनच कोणीतरी "एक्स्क्यूज मी" म्हणत आपल्या डोक्यावरून टिश्यू पेपरचं बंडल काढतं. पैसे स्टॉलवर घेत नाहीत. तिथे नुसती चिठ्ठी मिळते, ती घेऊन सुपरमार्केटच्याच बिलाच्या रांगेत उभं राहायचं, शिक्का मारून परत यायचं, मग ऑर्डर लागते. महिन्याचं सामान भरणाऱ्या कुटुंबामागे आपण एका गिंबापची चिठ्ठी घेऊन उभे.

तरीही मी जाते, कारण गिंबाप समोर करून देतात. काउंटरवरची मुलगी बांबूच्या चटईवर गिमचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, काळा कागद ठेवते, खडबडीत बाजू वर. बोटं ओली करून तिळाचं तेल आणि मीठ कालवलेला कोमट भात पसरते, पलीकडच्या कडेला दोन बोटं जागा सोडून. मग परतलेला पालक, गाजर, अंड्याची पट्टी, पिवळा मुळा. एका दमात गुंडाळी आवळते, वरून ब्रशने तिळाचं तेल, सुरीलाही तेलाचं बोट, आणि चकत्या. तुटलेली कडेची चकती ती वेगळी ठेवते आणि मागितली तर देते. माझ्या मते सगळ्यात चविष्ट तीच, कारण भाजी तिथे जास्त असते. भातात व्हिनेगर नसतं, त्यामुळे सुशी समजून जाऊ नका. सोया सॉस, वसाबी काही लागत नाही.

त्योकबोक्की मात्र मला गाजलेलं पण बेताचं प्रकरण वाटतं. तांदळाच्या चिवट कांड्या, गोड-तिखट रस्सा. चार कांड्यांपर्यंत मजा येते, पुढे जबडा दुखतो. त्यावर चीज वितळवून देतात ते तर कशाला, हे देवच जाणे. शेजारच्या स्टुलावरची कॉलेजची पोरं मात्र तेवढ्यासाठीच येतात.

आता मुख्य मुद्दा. मेन्यूवर 'व्हेज त्योकबोक्की' लिहिलंय. मी अंडं खाते, मासे-मटण नाही. सवयीने विचारलं, तर ती मुलगी सरळ म्हणाली, "मॅम, फिश केक नहीं डालते, लेकिन सूप तो वही है. उस में सूखी मछली है." सांगितलं म्हणून कळलं. न विचारणाऱ्याला कोण सांगणार? पाकिटावर हिरवा ठिपका असतो, उकळत्या भांड्यावर नसतो.

तर इथल्या जाणकारांनी सांगावं: शाकाहारी माणसाने अशा स्टॉलवर काय खावं? आणि मुंबईत आणखी कुठे बरं मिळतं?

---

बोंबील_फ्राय

रुमाल टाकून ठेवतो. फोटो कुठे आहेत?

---

ताकपिठं

छान लिहिलंय. पण एका गिंबापचे अडीचशे-तीनशे रुपये घेतात ना? भात, गाजर आणि पालक. त्यात स्टुलावर बसून लोकांच्या ट्रॉलीचे धक्के. तेवढ्यात दादरला दोघांचं भरपेट जेवण होतं. ह.घ्या. (हलकेच घ्या)

---

कढीपत्ता

ताकपिठं, साधारण तेवढेच. पण त्याच दुकानात खाली फ्रीजमध्ये डब्यात भरलेला गिंबापही मिळतो, थोडा स्वस्त. तो अजिबात घेऊ नका. भात खडे झालेला असतो.

बोंबील, हात तेलकट होते हो. पुढच्या वेळी.

---

सोलरिटर्न

कामानिमित्त काही काळ सोलमध्ये होतो, त्यामुळे हात शिवशिवले.

आधी भाताचं. शिजलेल्या भातातलं स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होतं, आणि फ्रीजच्या तापमानाला ही क्रिया सगळ्यात वेगाने होते. म्हणून फ्रीजमधला गिंबाप कडक लागतो. कोरियातही रात्री उरलेला गिंबाप दुसऱ्या दिवशी फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर भाजतात, म्हणजे भात परत मऊ होतो. तुमच्या त्योकबोक्कीचंही तेच आहे. कांड्या रश्श्यात गरम असेपर्यंतच खायच्या. पार्सल नेऊन घरी मायक्रोवेव्ह करून "रबर आहे" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आता शाकाहार. त्योकबोक्कीचा मूळ रस्सा बहुधा सुकवलेल्या छोट्या माशांचा (अँकोव्ही) आणि केल्प नावाच्या समुद्री वनस्पतीचा असतो. त्यातून ते मासे काढून टाकतात, म्हणून दिसत नाहीत. किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात, साधारणपणे खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस असतं, बऱ्याचदा दोन्ही. सुंदुबु, म्हणजे टोफूचं तिखट सूप, नावावरून निरुपद्रवी वाटतं, पण त्यात शिंपले किंवा डुकराचं मांस घालायची पद्धत आहे. सोलमध्ये शाकाहारी असल्याचं सांगितलं की "मांस नाही" एवढंच ऐकलं जातं. मासा ते मांसात धरतच नाहीत.

---

बोंबील_फ्राय

म्हणजे बंगाली!

---

सोलरिटर्न

😀 साधारण तसंच.

पण तिथे अस्सल शाकाहारी परंपराही आहे, बौद्ध मठांतल्या जेवणाची. त्यात मांस-मासे तर नाहीतच, वर कांदा, लसूण, पातीचा कांदा असल्या पाच उग्र वासाच्या गोष्टीही वर्ज्य. किमचीसुद्धा त्याशिवाय घालतात, आले, सोया सॉस आणि मशरूम-केल्पच्या पाण्यावर. मुंबईत एखाद्याने ते जेवण नीट सुरू केलं, तर निम्मं वाळकेश्वर रांगेत उभं राहील.

---

चिंगी

+१ वाळकेश्वरला.

माझा अनुभव तळणीचा. मालाडच्या मॉलमधल्या एका स्टॉलवर 'व्हेज चीज कॉर्नडॉग' घेतला. बॅटर लावून बटाट्याच्या फोडींत घोळवून देतात तो, वर साखर भुरभुरवलेला. फ्रायर एकच. माझ्या आधीच्या मुलाचा चिकन सॉसेजवाला त्याच तेलातून निघाला आणि माझा त्यात पडला. मी कट्टर नाही, पण आमच्या सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी पाहिलं आणि काही न बोलता काठी माझ्या हातात परत दिली. घरी येईपर्यंत टॅक्सीत शांतता.

गिंबापची सुरी, चटई आणि तेलाचा ब्रशही एकच असतो, हेही लक्षात ठेवा. आधीच्या गिऱ्हाइकाचा हॅमचा असेल तर सुरी नुसती पुसतात. माझ्या त्या स्टॉलवर तरी सांगितलं की धुऊन घेतात. कुरकुर नाही केली.

---

विलेपार्लेकर

एवढं असेल तर जायचंच कशाला? इडली खा. शाकाहारी माणसाने कोरियन स्टॉलवर जाऊन तक्रार करायची म्हणजे मासळीबाजारात जाऊन वासाची तक्रार करण्यातला प्रकार.

---

कढीपत्ता

विलेपार्लेकर, त्यांच्या खाण्यात मासा आहे ही तक्रार नाहीच. ज्यात मासा आहे त्याला 'व्हेज' म्हणून विकू नका, एवढंच म्हणणं आहे. ती मुलगी प्रामाणिक होती. बोर्ड नव्हता.

---

शिवडीचा_फ्लेमिंगो

कढीपत्ताशी सहमत. आणि त्या मुलीबद्दल थोडं.

मुंबईतल्या अशा स्टॉलवर बऱ्याचदा मणिपूर, नागालँड, मिझोरमची मुलं-मुली असतात. लोक "चेहऱ्यावरून ठेवतात" असं म्हणून सोडून देतात. तेही असेल, नाकारत नाही, आणि ते वाईटच आहे. पण मणिपूरचा कोरियन गोष्टींशी संबंध आपल्या पोरांपेक्षा जुना आहे. तिथे २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. थिएटरं आणि केबलवर जी पोकळी झाली ती कोरियन मालिका-सिनेमांनी भरली. आपल्याकडे ही लाट मोबाइलवरून आली त्याच्या कितीतरी आधी इम्फाळच्या बाजारात त्यांच्या सीड्या विकल्या जात होत्या.

आणि आंबवलेल्या सोयाबीनचा वास त्यांना नवा नाही. मणिपुरात हवाइजार, नागालँडात अखोनी घरोघरी. आमच्या ऑफिसजवळच्या स्टॉलवरचा मुलगा सेनापती जिल्ह्यातला. गोचुजांगचा (मिरची आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या लाल पेस्टचा) नवा डबा उघडला की आधी स्वतः चाटून बघतो, आणि "ये वाला मीठा ज़्यादा है" असं म्हणत रश्श्यात तिखट वाढवतो. मालकाने ठरवलेल्या मापापेक्षा त्याच्या जिभेवर माझा भरवसा जास्त.

---

ताकपिठं

हे माहीत नव्हतं. माहितीबद्दल आभार, फ्लेमिंगो.

किमतीचा मुद्दा मात्र मागे घेत नाही. कोरियात तर हे गाडीवरचं खाणं ना? मग आपल्याकडे ते एसीत बसून का?

---

सोलरिटर्न

अगदी गाडीवरचंच. शाळेबाहेरच्या टपऱ्यांवर पोरं कागदी पेल्यात त्योकबोक्की घेऊन उभ्याने खातात. आणि सुपरमार्केटात खाणं तिथेही नवं नाही. मोठ्या दुकानांत खाण्याचे काउंटर असतात, ठिकठिकाणी चाखायला तुकडे ठेवलेले असतात. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत तर रामयॉनचं (कोरियन नूडल्सचं) पाकीट विकत घ्या, तिथल्याच मशीनवर उकळा आणि खिडकीजवळच्या फळीवर उभ्याने खा. पाणी आपलं आपण घ्यायचं, ट्रे आपण परत ठेवायचा, टिप द्यायची नाही.

एक गोष्ट मुंबईत हटकून गायब असते ती म्हणजे बानचान. साध्या खानावळीतही जेवणाबरोबर किमची, मोड आलेल्या सोयाबीनची भाजी, पालक अशा छोट्या वाट्या येतात, त्याचे पैसे नाहीत, आणि संपल्या की पुन्हा. इथे त्या स्टॉलवर किमचीची वाटी शंभर रुपयांना असते, ती बघून मला गहिवरून येतं. 😀

त्योकबोक्कीचा इतिहासही मजेशीर आहे. राजवाड्यात ती सोया सॉसमध्ये, मांस आणि भाज्या घालून करत, तिखट नव्हतीच. आजची लाल त्योकबोक्की कोरियन युद्धानंतरची. तिचं श्रेय सोलच्या सिंदांग-दोंग भागात १९५३ च्या सुमारास गाडी लावणाऱ्या मा बोक-रिम या बाईंना दिलं जातं. त्या भागात आजही त्योकबोक्कीची गल्ली आहे. पुढे तांदूळ कमी आणि अमेरिकेचा गहू भरपूर, म्हणून कांड्या गव्हाच्या पिठाच्याही होऊ लागल्या. साठ-सत्तरच्या दशकांत सरकार लोकांना भात कमी खा, गहू आणि जव मिसळा असं सांगत होतं. शाळेत मास्तर डबे उघडून भातात जव आहे का ते बघत. त्योकबोक्की, रामयॉन, गिंबाप ही जी सगळी 'बुन्सिक', म्हणजे स्वस्त, झटपट खाण्याच्या दुकानांतली खाणी आपण आज एसीत खातो, त्यांचा बाजार त्या काळात वाढला. पहिलं इन्स्टंट रामयॉनही १९६३ चं, साम्यांग कंपनीचं, आणि कल्पना तीच, तांदळाशिवाय स्वस्तात पोट भरावं.

---

जुनाजाणता

धागा वाचत होतो, शेवटच्या प्रतिसादाने लिहायला लावलं.

आम्ही तेव्हा परळला चाळीत. अमेरिकेतून पीएल-४८० या अन्नमदतीच्या कायद्याखाली आलेला गहू रेशनवर मिळायचा. १९६५ साली शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायचं आवाहन केलं तेव्हा सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद असत, आणि आमच्या मजल्यावर बहुतेक घरांत चूल पेटत नसे. पुढे बहात्तरच्या दुष्काळात तो लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची जाडीभरडी ज्वारी, आला. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि पोटात दगड बसायचा. आई त्यात थोडं ज्वारीचं पीठ मिसळायची, असलंच तर.

आमच्या डब्यात मात्र कोणी मास्तर डोकावला नाही. डबा असला तरच डोकावणार!

ताकपिठं विचारतात एसीत का. त्यांनी त्या टंचाईच्या खाण्यातून जगभर विकायची वस्तू केली. आपण मिलोचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतो. दोन्ही बरोबरच आहे म्हणा, मिलो होताच तसा.

---

कढीपत्ता

काका, तुम्ही लिहिलंत त्याने धाग्याचं सार्थक झालं. मिलोवर वेगळा धागा काढा ना, आम्ही सगळे वाचू.

---

चिंगी

काका __/\__

रच्याकने (बाय द वे), मिरची कोरियातली मूळची नाहीच असं कुठेतरी वाचलं. खरं का?

---

सोलरिटर्न

खरं. आपल्यासारखीच, अमेरिका खंडातून आलेली. तिथे पोचली सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा जपानमार्गे. त्याआधीची किमची मिठातली, पांढरी. पांढरी किमची अजूनही करतात. मुंबईच्या स्टॉलवर मिळाली तर नक्की मागा, उन्हाळ्यात तिचं पाणी प्यायला फार छान.

आणि किमची घालणं हा हिवाळ्याआधीचा सामुदायिक उद्योग, किमजांग. युनेस्कोच्या यादीत तो २०१३ साली दक्षिण कोरियाच्या नावाने आला आणि २०१५ साली उत्तर कोरियाच्याही. भांडण आहे पण बरणी एकच!

---

अनुस्वार

गोचुजांग, गोचुगारू (कोरियन मिरचीची भरड) हे सामान कुठे मिळतं ते सांगा. सुपरमार्केटात अर्ध्या किलोचा डबा घ्यावा लागतो. आमच्या घरी तो बुरशी येईपर्यंत संपत नाही.

---

शिवडीचा_फ्लेमिंगो

क्रॉफर्ड मार्केटमध्ये परदेशी सामानाच्या गाळ्यांवर गोचुजांग आणि गिम मिळतात, लहान डबाही विचारून बघा. किमचीचा लांबट कोबी तिथे 'चायनीज कॅबेज' म्हणून मागा. पाली मार्केट आणि लोखंडवालालाही असतो, महाग पडतो.

गोचुजांगचं लेबल वाचा. मिरची, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, मीठ एवढंच असेल तर शाकाहारी. पण बऱ्याच ब्रँडांत गहू असतो, ग्लुटेन चालत नसणाऱ्यांनी जपून. रामयॉनच्या पाकिटांचंही तेच. एकाच कंपनीच्या शेजारी ठेवलेल्या दोन पाकिटांपैकी एकावर हिरवा ठिपका आणि दुसऱ्यावर तपकिरी त्रिकोण असतो, रंगसंगती बघून उचलू नका.

आणि त्या अतितिखट बुलदाक नूडल्सची पैज लावणाऱ्या भाच्यांना सांगा, २०२४ साली डेन्मार्कने त्यातले तीन प्रकार फार तिखट म्हणून दुकानांतून परत मागवले होते.

---

बोंबील_फ्राय

डेन्मार्कवाल्यांना आमच्या कोल्हापूरच्या मामींकडे पाठवा.

---

अनुस्वार

धन्यवाद फ्लेमिंगो. आणि गोचुगारूऐवजी आपली कुठली मिरची चालेल?

---

सोलरिटर्न

ब्याडगी किंवा काश्मिरी, बिया काढून, जाडसर कुटून. पूड नको. रंग आणि गोडसरपणा जवळ जातो. रश्श्याला मासे नको असतील तर सुकं शिताके मशरूम, केल्पचा तुकडा आणि मुळ्याच्या दोन फोडी पाण्यात मंद उकळा. केल्प पाणी खळखळायच्या आधी काढा, नाहीतर बुळबुळीत होतं.

कढीपत्ता, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: स्टॉलवर गिंबाप (हॅम आणि क्रॅबस्टिक काढायला सांगून), अंड्याचा आणि गोचुजांग वेगळं मागून घेतलेला बिबिंबाप (वर भाज्या घातलेला वाडगाभर भात). मुगाचं बिंदेत्तोक दिसलं तर उत्तम, भिजवलेली मूगडाळ वाटून जाड थापलेलं, आपल्या धिरड्याचा कोरियन मावसभाऊ. मात्र त्यातही डुकराचं मांस घालतात, विचारा. सूप आणि लाल रस्सा सोडून द्या, मेन्यूवर काहीही लिहिलेलं असो.

---

विलेपार्लेकर

इडली खा म्हणणारा मीच. कालच नातीने ओढून नेलं. गिंबाप बरा होता. मूळ मताबद्दल चर्चा नको.

---

चिंगी

🤣🤣

घरी करून बघणाऱ्यांसाठी: भात कुठला? तो चिकट कोरियन तांदूळ परवडत नाही.

---

कढीपत्ता

इंद्रायणी. मी करते तोच. नवा असेल तर पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी, नाहीतर गुंडाळी होताना लगदा होतो. आंबेमोहोरही चालतो, पण त्याचा वास तिळाच्या तेलाशी भांडतो. कोलम नको, सुटतो. आणि तिळाचं तेल भाजक्या तिळाचं हवं, दिवाळीच्या अभ्यंगाचं नाही, हे आधीच सांगते.

पिवळा मुळा नसेल तर मुळ्याच्या लांब पट्ट्या व्हिनेगर, साखर, मीठ आणि चिमूटभर हळदीत रात्रभर ठेवायच्या. पालक उकळून अगदी कोरडा पिळायचा, पाणी राहिलं की गिम फाटते.

---

अनुस्वार

केला. इंद्रायणीचाच. मुलीच्या डब्यात आठ चकत्या दिल्या. डबा रिकामा आला, पण झाकणात गिमच्या आठ काळ्या चकल्या नीट सोलून ठेवलेल्या. "आई, प्लास्टिक काढायला विसरलीस."

---

बोंबील_फ्राय

अगागा. ते प्लास्टिक इकडे पाठवा, बिअरबरोबर उत्तम लागतं. आणि फोटो अजून कोणीच टाकलेला नाही.